सतरा नंबरची टाकी

अम्मानमधल्या अश्रफियाच्या टेकडीवर मंगळवार हा पाण्याचा वार. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं, ते मंगळवारी. त्या दिवशी टेकडीवरची बाई कुणाकडे बसायला जात नाही, डॉक्टरची वेळ घेत नाही आणि नवऱ्याशी भांडणही काढत नाही. सगळं बुधवारवर ढकलते. पहाटेपासून पाणी गच्चीवर चढवणाऱ्या मोटारींची घरघर, दोऱ्यांवर चादरी, जिन्यांवरून उतरत येणारं साबणाचं पाणी. मैसूनचा जन्म असल्याच एका मंगळवारचा. तिची आई सांगायची, सुईण दारात आली आणि बाळंतिणीकडे न बघता आधी तिने विचारलं, "टाकी भरली का?"

मैसूनचं पुढचं आयुष्यही टाकीभोवतीच फिरलं. इंजिनिअरिंगची पदवी घेतल्यावर तिला नोकरी मिळाली ती खाली बाजारात, मोटारी आणि पंप विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर. तिथे तिने अकरा वर्षं काढली. गिऱ्हाईक आत यायचं, तिच्या डोक्यावरून मागे बघायचं आणि विचारायचं, "कुणी आहे का?"

"मी आहे," मैसून म्हणायची.

"तसं नाही, मोटारीतलं कळणारं कुणी?"

मग ती मोटार उघडून दाखवायची. गिऱ्हाईक मोटार घेऊन जायचं आणि पुढच्या वेळी आलं की पुन्हा तिच्या डोक्यावरून मागे बघायचं.

'सुतूह', म्हणजे गच्च्या, या तिच्या कंपनीचा जन्म मात्र दुकानात झाला नाही, जेवणावळीत झाला. दिराचं लग्न ठरलं होतं आणि मुलीकडची माणसं पहिल्यांदाच घरी जेवायला आली होती. चाळीस माणसं मन्सफ जेवून उठली. हाताने जेवायचं ते जेवण. मटण, भात आणि वरून ताकाचा दाट रस्सा. चाळीस उजवे हात मनगटापर्यंत माखलेले, आणि नळाने एकदा खाकरून मान टाकली. टाकी रिकामी. मैसूनची सासू फिद्दा, हज करून आलेली म्हणून हज्जा फिद्दा, हिने व्याह्यांच्या हातांवर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या ओतल्या. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली, धाकटी सून दोन पोरांची आई झाली, पण तिच्याकडची माणसं अजूनही या घरी येताना दारातच विचारतात, "हात घरून धुऊन आलो तर चालेल ना?"

हज्जा फिद्दाची रीत अशी, की गच्चीत जाऊन लाटण्याने टाकीवर खालून वर ठोकत जायचं. जिथे आवाज बदलतो तिथवर पाणी. त्या दिवशी गडबडीत तिचं ठोकणं राहिलं. रात्री भांडी आवरताना मैसून नवऱ्याला, नाएलला म्हणाली, "हज्जाचं ठोकणं एखाद्या डबीत भरता आलं तर?"

"हज्जालाच डबीत भरता आलं तर बघ," नाएल हळूच म्हणाला.

मैसूनने जी डबी केली ती मुठीएवढी. टाकीच्या झाकणाला आतून लावायची. ती वरून आवाज सोडते, आवाज पाण्यावर आपटून परत येतो, त्यावरून पाण्याची उंची कळते आणि फोनवर येते: टाकी किती भरली, नळाला पाणी आलं का, कुठे गळतं आहे का. फोनमधला भाग लिहिला अरीजने. अरीज इर्बिदची, एकोणतीस वर्षांची, अम्मानमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारी. घरमालकिणीची जळलेली मोटार बदलायला ती दुकानात आली होती आणि सबंध अकरा वर्षांत मैसूनच्या डोक्यावरून मागे न बघता बोललेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

ऑफिस म्हणजे घराखालची ऑलिव्हची खोली. हज्जा फिद्दाने अर्धी खोली दिली, अर्धीत बरण्या तशाच राहिल्या. अरीज म्हणायची, "वर्षभरात आपलंही लोणचं होणार."

दोघी सुरुवातीला एकदा चांगल्याच आपटल्या. डबी घेणाऱ्याने फॉर्म भरायचा, त्यात घरमालकाचा फोन नंबर. नळाचं मीटर ज्याच्या नावावर तो मालक, यात विचार तो काय करायचा? म्हणून 'पाणी आलं, मोटार लावा' हा निरोप नेमका जायचा तो कामावर बसलेल्या पुरुषांना. एक टॅक्सी चालवतोय, एक वर्गात शिकवतोय, तिघे तर केव्हाच वारलेले. पहिल्या मंगळवारी तेवीस मोटारी उशिरा लागल्या. बायका खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगं, तू स्वतः बाई ना? माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी टाकीचं झाकण तरी उचललंय?" मैसूनने मान खाली घातली. मीटरच्या कागदावर पुरुषाचं नाव असतं हे तिला इतकं अंगवळणी पडलं होतं, की पाण्याचा वार कोण सांभाळतं हे ती यंत्रात लिहायलाच विसरली होती.

फॉर्ममध्ये घरातल्या बाईचा नंबर आला आणि तिथून त्यांचा धंदा सुधारला. डबी बसवायलाही दोघी स्वतःच जायच्या. घरात पुरुष नसताना गच्चीवर परका प्लंबर चढवायला इथल्या बायका तयार नसतात. मैसून आणि अरीज सकाळी दहाला गेल्या तर टाकीही उघडायची आणि कॉफीही व्हायची. नव्या कंपन्यांना पैसा देणाऱ्यांच्या एका बैठकीत मात्र एका गृहस्थाने विचारलं, "पण टाकी रिकामी होणं ही खरंच अडचण आहे का? गच्चीवर जाऊन बघितलं की झालं."

"तुमच्याकडे कोण बघतं?" मैसूनने विचारलं.

"बायको."

"मग हा प्रश्न त्यांना विचारते. त्यांचा नंबर द्या."

सगळे हसले. पैसा कुणी दिला नाही.

त्यामुळे जेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, तबरबूरच्या बाजूच्या एका मोठ्या गृहसंस्थेने विचारणा केली, तेव्हा दोघींचा जीव त्यात अडकला. तीनशे साठ घरं. संस्थेचे अध्यक्ष इंजिनिअर मुन्झिर हे मोजून बोलणारे गृहस्थ. त्यांची अट साधी होती: टेकडीवरच्या चाळीस टाक्या आठ आठवडे चालवून दाखवा. नळाला पाणी नसताना एखाद्या टाकीत पाणी वाढलेलं दिसलं, तर ती खोटी नोंद. खोट्या नोंदी नकोत.

हे काम मिळालं तर 'सुतूह' उभी राहणार होती. नाही मिळालं, तर मैसूनला पंपाच्या दुकानाने जागा राखून ठेवली होती आणि अरीजच्या हातात दुबईच्या नोकरीचं पत्र होतं. अरीजने ते पत्र लपवलं नव्हतं. ऑलिव्हच्या एका बरणीखाली दाबून सगळ्यांसमोर ठेवलं होतं.

एकोणचाळीस टाक्या शहाण्यासारख्या वागल्या. सतरा नंबर वागेना.

सतरा नंबर मिस इत्तिदालची. त्यांचं लग्न नाही, मूल नाही, म्हणून 'अमक्याची आई' अशी हाक त्यांना कुणी मारू शकत नव्हतं. पण टेकडीवरच्या निम्म्या बायकांना त्यांनी मुलींच्या शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे सत्तरी ओलांडली तरी त्या 'मिस'च. मैसून त्यांच्याच वर्गातली. चुकलेलं गणित खोडरबराने पुसलेलं त्यांना खपत नसे. "एक रेघ मारायची. चूक खालून वाचता आली पाहिजे. आणि खाली पुन्हा करायचं," त्या म्हणायच्या. आता त्या एकट्या राहात, हज्जा फिद्दाच्या घराला लागून, एक पायरी खाली. दोन वर्षांपूर्वी त्यांची मोटार जळली. मैसूनने दुकानातून दुसरी आणून देते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "एकटीला कितीसं पाणी लागतं? जेवढं आपोआप चढतं तेवढं पुष्कळ." आणि विषय संपला. मिस इत्तिदालनी संपवलेला विषय पुन्हा काढायची टेकडीवर पद्धत नव्हती.

त्यांच्या टाकीत मंगळवारी खरोखरच वीतभर पाणी चढायचं. पण दर गुरुवारी आणि दर शनिवारी, नळ कोरडा ठणठणीत असताना, यंत्र सांगायचं की पाणी वाढतं आहे. मैसूनने डबी बदलली. पुन्हा तेच. झाकण बदललं, तारा बदलल्या, तिसरी डबी लावली. मिस इत्तिदाल शिडीखाली उभ्या राहून बघत.

"काही बिघडलंय का?"

"नाही मिस, जरा तपासते आहे."

"तीनदा तपासलंस. उत्तर तेच येत असेल तर उत्तरावर शंका घेणं सोड. गणित नीट वाच."

मैसूनला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

सहाव्या आठवड्यात अरीज म्हणाली, "सतरा काढून टाक. एकोणचाळीस टाक्यांचा अहवाल देऊ. कुणाला कळणार आहे?"

"चाळीस ठरल्या आहेत."

"मैसून, एका म्हातारीच्या टाकीपायी मी दुबईला जाणार आहे, हे लक्षात घे."

"जा. पण पुसायचं नाही."

त्याच संध्याकाळी चाळीस टाक्यांचे आलेख बघताना मैसूनची नजर एक नंबरवर गेली. एक नंबर म्हणजे तिच्याच घरची टाकी. शनिवारी साडेदहाला ती चार बोटं उतरायची. हे तिने आधीही बघितलं होतं आणि सासूला विचारलंही होतं. "गालिचे धुते," हज्जा फिद्दा म्हणाली होती. घरात गालिचे दोन. दर शनिवारी धुतले असते तर एव्हाना त्यांची जाळी झाली असती.

शनिवारी सकाळी मैसून खाली ऑफिसात जाते म्हणून निघाली आणि गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या चादरींमागे उभी राहिली. मिस इत्तिदाल दहाला मशिदीतल्या बायकांच्या वर्गाला गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरून गेला तशी हज्जा फिद्दा वर आली. गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबली. मग अंगरख्याचा घोळ कमरेला खोचून तिने टाकीमागून हिरवी नळी ओढली, एक टोक आपल्या टाकीच्या तोटीला लावलं, दुसरं कठड्यावरून खाली, मिस इत्तिदालच्या टाकीच्या झाकणाखाली सरकवलं, आणि तोटी सोडून लाटणं हातात घेऊन वाट बघत बसली.

"गालिचे स्वच्छ निघताहेत का हज्जा?" मैसून म्हणाली.

हज्जा फिद्दा दचकली, पण तोटी काही तिने बंद केली नाही. "सासूवर पाळत ठेवतेस?"

"किती दिवस चाललंय हे?"

"मोटार जळाली तेव्हापासून. शनिवारी मी, गुरुवारी उम्म लैस. गुरुवारी त्या बहिणीकडे जातात ना." पलीकडच्या अंगाच्या शेजारणीचं, लैसच्या आईचं, नाव तिने इतक्या सहजपणे घेतलं, जणू बसचं वेळापत्रक सांगते आहे. "त्यांना वाटतं आपोआप चढतं. वाटू दे. आणि खबरदार, एक अक्षर बोललीस तर. बाई अशी आहे की कळलं तर त्या टाकीतला घोटभरसुद्धा पिणार नाही. बाजारातून डबे वाहून आणेल, त्या वयात."

"हज्जा, या पाण्यामुळे माझं यंत्र खोटं ठरतंय."

हज्जा फिद्दाने टाकीवर लाटणं ठोकून बघितलं. "मग यंत्राला सांग, गप्प बस म्हणून. मी बसते ना दोन वर्षं."

मैसून तिथेच कठड्यावर टेकली. यंत्र खरं होतं. तिन्ही डब्या खऱ्या होत्या. आणि हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. अहवाल गृहसंस्थेच्या सूचना फलकावर लागणार होता, आणि तबरबूरचा फलक आणि अश्रफियाची टेकडी यांच्यामध्ये निदान दोनशे आत्या, मावश्या, जावा होत्या. संध्याकाळपर्यंत बातमी मिस इत्तिदालच्या दारात पोचली असती.

अरीजलाही तिने सांगितलं नाही. आठ आठवडे संपल्यावर अहवाल तिने स्वतः लिहिला. सतराव्या ओळीत खोट्या नोंदींचा आकडा लिहून त्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'यंत्र खरं आहे. पाणीही खरं आहे. कारण घरगुती आहे, सांगता येत नाही.'

इंजिनिअर मुन्झिर यांनी ती ओळ दोनदा वाचली. "टाकीला घरगुती कारण?"

"हो."

"म्हणजे गळती?"

"नाही."

"मग चोरी?"

"उलट म्हणा," मैसून म्हणाली.

त्यांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नव्हते. त्यांना तीनशे साठ घरांना उत्तर द्यायचं होतं. "बाई, तुम्ही प्रामाणिक दिसता. पण 'सांगता येत नाही' हे मी बैठकीत कसं वाचून दाखवू?" त्यांनी नकार दिला तो हळू आवाजात, लिफ्टपर्यंत सोडायला येऊन.

त्या दिवशी घरी मक्लूबा होता. हज्जा फिद्दाने पातेलं परातीत उलटं केलं, भात न मोडता उभा राहिला, वर वांग्याच्या चकत्या जागच्या जागी. एरवी यावर टाळ्या पडतात. मैसूनने दोन घास खाल्ले. नाएलने विचारलं, "दुकानवाल्याला फोन करू का?" आणि तिने "उद्या" म्हटलं.  आपला दोष असला की हज्जा फिद्दा वाढत राहते. मैसूनच्या ताटात भात संपूच देईना.

दुसऱ्या दिवशी मैसून बाजारात गेली असताना मिस इत्तिदाल ऑलिव्हच्या खोलीत आल्या. अरीज सामान आवरत होती.

"काम गेलं म्हणे. कशाने?"

"एका टाकीने, मिस," अरीज म्हणाली. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. "खरं तर तुमच्याच. सतरा नंबर. गुरुवारी आणि शनिवारी खुळ्यासारखं पाणी दाखवते. मैसूनला कारण कळलंय, पण सांगत नाही. मलाही नाही."

"गुरुवारी आणि शनिवारी," मिस इत्तिदाल म्हणाल्या. "आणि ती सांगत नाही." त्यांनी एका बरणीचं सैल झाकण पिळून घट्ट केलं. मग म्हणाल्या, "तुझ्या त्या फोनमध्ये माझ्या टाकीचे आठ आठवडे आहेत? कागदावर काढून दे."

मैसून परतली तर दारात तिघी उभ्या. मिस इत्तिदाल शाळेच्या बक्षीस समारंभाच्या काळ्या कोटात, काखेत एक वही. मागे हज्जा फिद्दा नव्या अंगरख्यात, आणि उम्म लैस, जिला नीट काहीच सांगितलेलं नव्हतं पण जी बोलावलं की येते.

"चांगला कोट घाल," मिस इत्तिदाल म्हणाल्या. "आपल्याला जायचंय."

"कुठे मिस?"

"प्रश्न शेवटी विचारायचे."

अरीजही निघाली. टॅक्सीत पाच बायका दाटीवाटीने बसल्या आणि हज्जा फिद्दा सबंध रस्ताभर मैसूनला कोपराने ढोसत राहिली: तू बोललीस का? मैसून मानेने नाही म्हणत राहिली.

गृहसंस्थेच्या कचेरीत इंजिनिअर मुन्झिर उठून उभे राहिले, खुर्च्या मागवल्या. कचेरीतले म्हातारे अबू झैद कॉफीची किटली घेऊन आले. बिनसाखरेची कडू कॉफी, लहानशा पेल्यात. पहिला पेला मानाचा म्हणून मिस इत्तिदालना दिला. त्यांनी तो घेतला आणि टेबलावर, इंजिनिअरांच्या समोर ठेवून दिला.

अबू झैद यांचा हात किटलीसकट तिथेच थांबला. टेकडीवर काय, तबरबूरमध्ये काय, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मुलीला मागणी घालायला किंवा भांडण मिटवायला घरचे वडीलधारे जातात, तेव्हा पुढारी असा पेला ठेवतो; मागणं मान्य झालं तरच घोट घेतो. यजमानाच्या घरात कॉफी थंड होणं म्हणजे त्याची शोभा. पण पेला ठेवतात ते पुरुष.

"मिस," हज्जा फिद्दा कुजबुजली, "हे बायकांनी करायचं नसतं हो."

"पुरुष असते तर आणले असते," मिस इत्तिदाल न कुजबुजता म्हणाल्या.

इंजिनिअर मुन्झिर ताठ बसले. "प्या ना कॉफी. तुम्ही म्हणाल ते होईल."

"ऐकण्याआधी हो म्हणू नका. तुम्ही इंजिनिअर ना?" त्यांनी वही उघडून पेल्याशेजारी ठेवली. "ही माझी टाकी. रोज पहाटेच्या नमाजानंतर मी शिडीवर चढून लाकडी पट्टीने पाणी मोजते. दोन वर्षं एक महिना. हे या मुलींच्या यंत्राचे आठ आठवडे. लावून बघा."

इंजिनिअरांनी बोट ठेवून ठेवून बघितलं. अरीज खुर्चीतून अर्धी उठली होती. एका बोटापलीकडे कुठेच फरक नव्हता.

"आकडे जुळतात," ते म्हणाले. "पण नळ बंद असताना पाणी येतं कुठून?"

"शनिवारी साडेदहाला हज्जा फिद्दाच्या टाकीतून. गुरुवारी उम्म लैसच्या. मी घरी नसताना. परतल्यावर कठडा ओला असतो, कुणाच्या बाजूचा ते दिसतं."

उम्म लैसने तोंडावर ओढणी धरली. हज्जा फिद्दा लाल झाली, मग पांढरी झाली. "मिस... तुम्हाला माहीत होतं?"

"चौतीस वर्षं मी टाकीची गणितं शिकवली, हज्जा. एका नळाने टाकी इतक्या तासांत भरते, दोन नळांनी किती. माझ्या टाकीला आणखी दोन नळ लागले, हे मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर मला नको म्हणावं लागलं असतं. आणि नको म्हटलं असतं, तर पाणी आणलं कुठून असतं?" हे त्या उत्तरपत्रिकेतलं उत्तर वाचावं तशा म्हणाल्या, पण वहीवरचा हात मात्र त्यांनी उगाच दोनदा सरळ केला. "म्हणून मी गुरुवारी बहिणीकडे जरा जास्त बसते. उन्हाळ्यात फार कंटाळा येतो तिथे."

उम्म लैसला ओढणीआडून हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना.

इंजिनिअर मुन्झिर मैसूनकडे वळले. "हे अहवालात लिहायला काय झालं होतं?"

"ते माझं नव्हतं," मैसून म्हणाली. "आकडे माझे, डबी माझी, पाणी यांचं. पाणी कुणी कुणाला दिलं ते यांनी सांगायचं."

त्यांनी वही मिटून पेल्याशेजारी ठेवली. मग मिस इत्तिदालना म्हणाले, "तुमचं मागणं काय?"

"काम द्या असं मी म्हणत नाही. शनिवारी दहाला या. शिडीवर स्वतः चढा. पट्टी माझी, यंत्र यांचं. जुळलं नाही तर मी माझी वही घेऊन गप्प बसेन."

"येतो. आता कॉफी घ्या. अबू झैद, ही थंड झाली, दुसरी आणा."

"तीच चालेल," म्हणत मिस इत्तिदालनी पेला उचलला.

शनिवारी ते आले. एकशे चौदा पायऱ्या चढल्यावर त्यांना आधी पाणी प्यायला द्यावं लागलं. मग शिडीवर चढून त्यांनी पट्टी बुडवली आणि अरीजने फोन वर धरला. हज्जा फिद्दाने तोटी सोडली. परक्या पुरुषासमोर नळी ओढायची म्हणून त्या दिवशी तिने नवा अंगरखा घातला होता आणि तो भिजवून घेतला. जुळलं. खाली उतरताना इंजिनिअर मैसूनला म्हणाले, "आमच्या बिल्डिंगमध्येही असं चालतं का, कोण जाणे."

"तुमच्या घरी विचारा," मैसून म्हणाली. ते हसले.

पहिली एक इमारत मिळाली, अठ्ठेचाळीस घरांची. बाकीच्या इमारती उन्हाळा सरल्यावर. अरीजचं पत्र बरणीखालून निघालं ते ऑलिव्हच्या तेलाने इतकं माखलं होतं, की वाचताच येईना. तिने ते फेकलं, खोलीसाठी शेगडी मागितली आणि कामाला बसली. मैसूनने तिला सांगितलं की एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गेलेल्या पाण्याला वेगळी जागा हवी: गळती नाही, चूक नाही, 'दिलं' एवढंच, आणि ते दिसेल फक्त देणाऱ्या बाईच्या फोनवर. तबरबूरच्या पहिल्या महिन्यात अठ्ठेचाळीसपैकी अकरा घरांनी ती जागा वापरली. कुणी, ते मैसूनने बघितलं नाही. बघता येणार नाही असंच तिने अरीजकडून लिहून घेतलं होतं.

टेकडीवर आता शनिवारी मिस इत्तिदाल मशिदीतून सावकाश येत नाहीत. साडेदहाच्या आत घरी असतात. मैसून खाली खोलीत डबीचे स्क्रू पिळत असते, शेगडीवर अरीजचा चहा उकळत असतो, आणि वरून दोन गच्च्यांमधलं बोलणं खिडकीतून आत येतं.

"फिद्दा, पुरे! एक्याण्णव सेंटीमीटर झालं!"

"यंत्र सांगतंय का तुझी वही?"

"दोन्ही."

"मग अजून चार बोटं घे. गालिचे धू."